उणे एक

राउमाच्या बंदरात समुद्र गोठून सहा आठवडे झाले.
पहाटे तीन चाळीसला पुन्हा तेच:
बर्फफोड्या जहाजाची लाइन तुटली,
आणि तोडली आपणच.

केर्त्तू अलायोकी, वय एकसष्ट, चष्मा कपाळावर,
लॉग वर सरकवते, खाली सरकवते.
जहाज दर दहा मिनिटांनी बर्फाची जाडी कळवतं
कुलूपबंद शब्दांत.
बर्फाची जाडी कोण चोरणार, ओत्सोनं विचारलं होतं.
चोरणार नाही कुणी, ती म्हणाली होती, बदलेल.
चाळीस सेंटिमीटरचे चौदा करेल.

कोड ओत्सोचा. सी-मधला, नेटका, कंसाला कंस.
वाचायला गेलं, हाती आलं उणे एक,
आणि उणे एक म्हणजे संपलं, असं त्यानं धरलं.
चोविसाव्या वर्षी तीही तसंच धरायची.

उणे एक हे उत्तर नव्हे.
दाराआडून आलेला नुसता हुंकार.
पुढे विचारावं लागतं, का रे बाबा?
मग कळतं,
कधी अक्षरंच अजून पोचलेली नसतात, थोड्या वेळानं ये.
कधी, आणि याचं तिला आजही नवल वाटतं,
ऐकायला बसलेल्यालाच आधी काही बोलावं लागतं,
किल्ल्या बदलायच्या असतात,
त्याशिवाय पुढचं ऐकू येत नाही.
कधी पलीकडचा रीतसर 'येतो' म्हणून उठतो.
आणि कधी निरोपच नाही. वायर मुकी.
तेव्हा वाक्य पुरं झालं असं समजायचं नाही,
एकशे चाळीसमधलं
एकशे
एवढंच पोचलेलं असू शकतं.

पण आज यातलं भयंकर काहीच नव्हतं.
जहाज एवढंच म्हणत होतं, थोड्या वेळानं ये.

तिसऱ्या कॉफीला सापडलं.
तीन एकोणचाळीसला धक्क्यावरच्या कॅमेऱ्यानं दार ठोठावलं,
त्याच्या सर्टिफिकेटची मुदत रविवारीच सरलेली.
त्याला परत पाठवलं, ठीकच केलं.
पण त्याची तक्रार रांगेत तशीच पडून राहिली,
ना कुणी वाचली, ना कुणी पुसली.
मिनिटाभरानं त्याच थ्रेडवर जहाजाची पाळी,
कोडनं विचारलं काय झालं,
रांगेत हात घातला
आणि हाताला लागलं कॅमेऱ्याचं पाप.
चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुरुस्ती एका ओळीची.
विचारायच्या आधी, दर वेळी, रांग रिकामी कर.
ती ओळ टाइप करते, सर्व्हर पुन्हा उठवते, बसून राहते.
तीन पन्नास कधीच उलटून गेलेत.
चार दहा: बासष्ट सेंटिमीटर. चार वीस: बासष्ट.
चार तीसला जहाज म्हणतं थोड्या वेळानं ये,
आणि कोड, पहिल्यांदाच, थांबतो.

ओत्सोसाठी चिठ्ठी लिहिते: तुझी चूक नव्हती.
खोडते.
तुझी चूक होती. लहान होती. मीही केली आहे.

नाताळात एइनोनं मागितलं होतं फक्त
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट.
भावानं बहिणीकडे मागावं इतकंच.
तिनं काढली वडिलांची होडी,
अकरा वर्षांपूर्वी तिला न विचारता विकलेली.
त्यानं फोन ठेवला. मध्येच. 'बरं' सुद्धा न म्हणता.
तेव्हापासून ती धरून बसलीय, संपलं.

सात वाजता अजून अंधार आहे.
गिरमिट गाडीच्या डिकीत आहे, जानेवारीपासून,
हे तिनं कुणालाही सांगितलेलं नाही.

सहा रिंग. सात. मग वारा, कुत्रं, आणि तो:
"बर्फावर आहे मी. नंतर—"

ती फोन हातात धरून उभी राहते.
नंतर कर, की नंतर बघू,
की नंतर कशाला आता.
वाक्य पुरं पोचलेलं नाही.
चष्मा कपाळावरून खाली घेते,
कप विसळते,
घड्याळ बघते.